पालचा रस्ता सांगावा की नाही

माझे मामा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. त्यांची बहुतेक नोकरी सातपुड्यात, यावल-रावेरच्या पट्ट्यात गेली. मी जळगावला राहते आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जंगलातून जाणारे जे चांगले रस्ते आहेत, त्यांत सावद्याहून सातपुड्यातल्या पाल गावाला जाणाराही, ते एकत्र लिहून काढावेत, त्यांचा नकाशा करावा आणि तो सगळ्यांना द्यावा, असं माझ्या मनात बरेच दिवस आहे. मामांचा याला विरोध आहे. त्या विरोधामागे आयुष्यभराची पायपीट आहे. म्हणून आमचं बोलणं झालं तसं मांडते.

मामा : पालचा रस्ता तुला लोकांना सांगायचाय. कशासाठी?

मी : जळगावच्याच माणसाला तो माहीत नाही म्हणून. पावसाळा लागला की आमच्याकडच्या गाड्या घाट बघायला थेट इगतपुरी नाहीतर लोणावळ्याला जातात. सातपुडा घराच्या गच्चीवरून दिसतो, पण त्यात कधी गेलेला माणूस शोधावा लागतो.

मामा : ज्यांना काम असतं ते जातात. बाकीच्यांनी नाही गेलं तर काय बिघडलं?

मी : बिघडतं. तुम्ही सावद्याहून खिरोद्याकडे सायकलने कधी गेलात का? म्हणजे अलीकडे. सावदा सोडलं की दोन्ही अंगांना केळी. मे महिन्यातसुद्धा बागेच्या कडेने जाताना अंगाला गारवा लागतो. खिरोदा मागे पडलं की केळी विरळ होते, मुरूम आणि गोटे दिसू लागतात. जमीन डोळ्याला सपाट दिसते आणि पायाला मात्र चढ लागतो. एकेक गिअर उतरवत जावं लागतं, पण त्याचं कारण डोळ्याला दिसत नाही. मोटारीत बसलेल्याला तो चढ जन्मात कळायचा नाही.

मामा : तो बझाडा. सुकी, मोर, भोकर अशा नद्यांनी डोंगरातून आणून टाकलेला गोट्या-वाळूचा उतार. सातपुड्याचं पाणी तिथे जमिनीत शिरतं. खालच्या विहिरी आणि ट्यूबवेल त्याच्यावर चालतात. रावेर-यावलची केळी पिकते ती त्या पाण्यावर. वरचं जंगल उघडं पडलं की पाऊस मुरायला थांबत नाही, लोंढा होऊन तापीला जातो.

मी : हेच मला म्हणायचंय. केळीवाल्या घरातल्या पोराने हा उतार एकदा स्वतःच्या पायाने चढला, तर आपल्या विहिरीचं पाणी कुठून येतं ते त्याला कळेल. पुस्तकात वाचून ते असं कळत नाही.

मामा : पोरी, कळणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. पाय दुखले म्हणून कुणी झाड वाचवलं असं माझ्या पाहण्यात नाही. पण रस्ता चांगला झाला म्हणून काय काय झालं ते मी पाहिलंय. आधी डांबर येतं. डांबरामागून टपरी येते, टपरीमागून हॉटेल. मग कुणाची तरी जमीन कुणाच्या तरी नावावर होते. गाड्या वाढल्या की मागणी होते रस्ता रुंद करा. आपल्या जळगाव-धुळे महामार्गाचं रुंदीकरण झालं, त्यात जुनी झाडं किती गेली ते तुला सांगायला नको. यावल अभयारण्य जाहीर झालं 1969 साली. क्षेत्र किती? 178 चौरस किलोमीटरच्या आसपास. कागदावर आजही तितकंच आहे. आत जाऊन बघ, साग कुठे दाट उरलाय आणि कुठे नुसते बुंधे आहेत.

मी : पण त्यात सायकलचा काय दोष? सायकल हे एकच वाहन असं आहे की ज्याला रस्ता रुंद करून लागत नाही. चार हात डांबर पुरतं. खरं तर रस्ता अरुंद राहावा अशी मागणी करणारे आम्हीच.

मामा : सायकलचा दोष नाही म्हणतेस? आमच्या वेळी रात्री सागाचे घडलेले नग सायकललाच बांधून खाली उतरायचे. आवाज नाही, दिवा नाही. ट्रक नाक्यावर अडवता येतो. सायकल पायवाटेने नाका चुकवून जाते. मीही सायकलवरच फिरायचो. डबल दांडीची, मागे कॅरिअरवर मीठ-तांदूळ बांधलेली. तेव्हा वाहन कोणतं यावर काही ठरत नाही. कोण आणि कशासाठी आलाय, यावर ठरतं.

हा मुद्दा मामांनी मांडला आणि मला पुढचं बोलायला जरा वेळ लागला. सायकल म्हटलं की स्वच्छ, शांत, निरुपद्रवी असं आपण धरूनच चालतो. शहरातल्या रस्त्यावर ते ठीक आहे. रानात शांतपणाची दुसरीही बाजू असते, आणि मामा लगेच तिकडे वळले.

मामा : तुझ्या सायकलला घंटी आहे?

मी : नाही. वजन नको म्हणून कुणी लावत नाही.

मामा : रानात पायी जाणारा पावरा आदिवासी बोलत जातो, काठी आपटत जातो. अस्वलाला लांबून कळतं आणि ते बाजूला होतं. तू उतारावर तीस-पस्तीसच्या वेगाने, काही आवाज न करता वळण घेतेस. वळणापलीकडे अस्वल असलं तर? त्याला पळायला वेळ नाही, तुला थांबायला वेळ नाही.

मी : तुम्ही म्हणता तसं घडलंही आहे. 2016 साली अमेरिकेत, मोंटानात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक माणूस सायकलवर वळण घेताना थेट अस्वलावर आदळला आणि मारला गेला. तो स्वतः तिथल्या वनखात्यातला होता, रान ओळखणारा.

मामा : झालं तर मग. घंटी लाव. आणि नकाशात लिही की घंटी नसेल त्याने पालच्या घाटात उतरू नये.

मी : लिहीन. पण म्हणजे नकाशा करायला तुमची हरकत नाही?

मामा : असं मी म्हटलेलं नाही.

इथे कायद्याचं एक कलम सांगायला हवं, कारण त्यावर आमचा बराच वेळ गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. मात्र अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जो नुसता पुढे जातो आहे त्याला ही अट नाही. रस्ता सोडून आत वळायचं असेल तर कलम 28 खाली परवानगी घ्यावी लागते, मग ते फोटोसाठी असो की पर्यटनासाठी. म्हणजे सावदा-खिरोदा-पाल रस्त्यावर सायकल चालवायला कुणाची आडकाठी नाही. त्याच रस्त्यावरून कच्च्या वाटेने लंगडा आंबा या ठिकाणाकडे किंवा आतल्या पाड्यांकडे वळणं ही वेगळी गोष्ट झाली. नकाशावर मात्र दोन्ही रेघा सारख्याच काळ्या दिसतात. मामांची खरी भीती तिथे होती आणि ती मला पटली.

मामा : तुम्ही फोनमध्ये गेलेली वाट साठवता ना? ती दुसऱ्याला पाठवता. दुसरा तिसऱ्याला. गस्तीसाठी आम्ही जपलेली पायवाट महिनाभरात सगळ्या गावाला कळते. सगळ्या गावाला म्हणजे कुऱ्हाडवाल्यालाही.

मी : आतल्या वाटा मी टाकणार नाही. डांबरी हमरस्ता तेवढाच.

मामा : मग तुला पालपेक्षा पाटणादेवी का नको? तिथे माणसं पिढ्यान्पिढ्या जातात. जिथे यात्रा भरते तिथल्या रानाला माणसाच्या वर्दळीची सवय असते. वाटही ठरलेली, वेळही ठरलेली.

मी : पाटणादेवी यादीत आहेच. चाळीसगावहून अठरा-एक किलोमीटर. आधी सपाट शेतं, मग समोर डोंगर जवळ येत जातात आणि शेवटी तीन बाजूंनी वेढतात. गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा हा जळगावकडचा भाग. चंडिकेचं यादवकालीन मंदिर, वर पितळखोऱ्याची लेणी, पावसात धबधबे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकायला पोरं या रानात यायची, हे सायकलवरून उतरून त्या दगडांपुढे उभं राहिलं की खरं वाटतं.

मामा : आणि घाट?

मी : कन्नडचा औट्रम घाट आता सायकलला पूर्वीपेक्षा बरा आहे. 2021 च्या ऑगस्टअखेर तिथे दरडी कोसळल्या होत्या. 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनं बंद झाली. ट्रकांच्या रांगा नसल्या की वर चढताना मागे वळून चाळीसगावकडचा सगळा मुलूख बघता येतो. मामा, औट्रम म्हणजे तोच ना, भिल्ल पलटण उभारणारा?

मामा : तोच, जेम्स औट्रम. 1825 साली खानदेशात आला, धरणगावला त्याचा तळ होता. ज्या भिल्लांना डोंगरातून खाली आणायचं होतं त्यांचीच पलटण त्याने बांधली. घाटाला नाव त्याचं लागलं. त्याच्या आधीपासून त्या घाटाने बैल हाकणाऱ्यांचं कुणाचंच लागलं नाही.

धुळ्याकडच्या रस्त्यांवर फार वाद झाला नाही. लळिंगचं कुरण शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याशी. सकाळी जाऊन कामाच्या वेळेआधी परत येता येतं. तिथल्या लांडोर बंगल्यात 1937 च्या जुलैअखेर डॉ. आंबेडकर राहिले होते. दरवर्षी 31 जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. त्या दिवशी सायकलवाल्यांनी वाट मोकळी ठेवावी एवढंच मामा म्हणाले. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य 83 चौरस किलोमीटरचं, 1986 सालचं. तिथे झाडीपेक्षा पाण्याचा देखावा मोठा. साक्रीकडे पवनचक्क्यांचं पठार ओलांडून पिंपळनेरला गेलं की मुलूखच बदलतो, भातशेती दिसायला लागते. आणि तिथे बारीपाडा आहे. बारीपाड्यावरून आमचं बोलणं पुन्हा तापलं.

मी : बारीपाड्याकडे बघा ना. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड डोंगर राखून अकराशे एकरांवर जंगल उभं केलं. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, मोडेल त्याला दंड. 2025 साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात तिथे वनभाजीची स्पर्धा होते, बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात, लांबलांबून लोक येतात. माणसं आली म्हणून ते जंगल बिघडलं का?

मामा : नाही बिघडलं. का नाही बिघडलं ते बघ. नियम गावाने केले. कधी यायचं, कुठपर्यंत यायचं, काय खायचं ते गाव सांगतं. पाहुणा पाहुण्यासारखा राहतो. तू पालचा नकाशा जळगावात बसून करणार. पालच्या पावऱ्याला, जामन्याच्या तडव्याला तू विचारलंस? तुम्ही शंभर जण रंगीत कपडे घालून त्याच्या दारावरून जाणार, बरोबर नेलेलं खाणार, पाकीट तिथे टाकणार, फोटो काढणार. त्याला काय मिळालं?

मी : पाकीट टाकणारे सायकलवाले कमी असतात.

मामा : कमी असतात, नसतात असं नाही. आणि पोराबाळांचे फोटो? ते तर सगळेच काढतात.

मी : मग असं करता येईल. पालला चहा, जेवण, पंक्चर हे सगळं तिथल्याच माणसाकडे. खानदेशातल्या जंगलाच्या रस्त्यावर पंक्चर ठरलेलं. कडेला सराटे आणि बाभळीचे काटे. 28 मिलिमीटरचं बारीक टायर घेऊन आलेला तर हमखास थांबतो. 35 चं जाड टायर असलं तरी बाभळीचा काटा आत जातोच. ट्यूब काढायची, टायरच्या आतून बोटाची पेरं हळूहळू फिरवायची, काट्याचं मोडलेलं टोक नखाला लागतं ते ओढून काढायचं, मगच नवी ट्यूब घालायची. घाई केली तर दुसरी ट्यूबही जाते. हे काम करणारा एक पोरगा पालला बसला तर त्याला रोजगार आहे.

मामा : हे तू पहिल्यांदा कामाचं बोललीस.

मी : आणि थांबावं लागतं म्हणूनच दिसतं, मामा. काटा काढायला सागाखाली बसलं की पायाशी पानं पडलेली असतात. श्रावण-भाद्रपदात बघा, अळीने पानाचा सगळा गर खाऊन नुसत्या शिरा ठेवलेल्या असतात. पान उचलून धरलं की पलीकडचा डोंगर त्याच्या जाळीतून दिसतो. कोवळं पान तळहातावर चुरडलं तर हात लाल होतो. अंजनाचं पान जोडीचं, सलईची साल कागदासारखी सुटते. मला ही झाडं कुणी शिकवली नाहीत. चढावर दम लागून थांबले आणि ओळख झाली.

मामा : अंजन ओळखतेस? बरं झालं. खानदेशच्या रानाची ती खूण.

मी : रानपिंगळ्याची गोष्ट तर तुम्हीच मला सांगितलीत. 1884 नंतर कुणाला दिसलाच नाही, नामशेष झाला असं धरलं गेलं. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो दिसला. 113 वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार पुढच्या वर्षी वेगळं झालं. तो दिवसा उघड्या फांदीवर बसणारा पक्षी आहे, शेपटी डावी-उजवीकडे हलवतो. म्हणजे लपून नव्हता बसला. बघायला जाणारी माणसंच नव्हती.

मामा : बघायला जाणारी माणसं नव्हती, पण तो तिथे होता ना? शंभर वर्षं कुणी बघितलं नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही. आता फांदी कुठली ते समजलं की लोक येतात, फोनवर त्याचा आवाज वाजवतात. पक्ष्याला वाटतं दुसरा नर आला, तो घरटं सोडून धावतो.

मी : त्याच काळात त्याचं पायथ्याचं रान तुटत होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. ते तुटताना आपलं काय जातंय हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर निदान आरडाओरडा झाला असता. ज्या रानाला कुणी ओळखत नाही, ते गेल्याची बातमीसुद्धा होत नाही. मला नकाशा हवा तो यासाठी. जळगाव-धुळ्यातल्या शे-दोनशे माणसांना तरी पालच्या रस्त्यावरचं अमुक वळण, तमुक अंजन आपलं वाटायला हवं. मोटारीने जाणाऱ्याला वळण आपलं वाटत नाही. चढताना ज्याची छाती फुलली त्याला वाटतं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कागद मागितला आणि अटी सांगायला लागले. सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळण्याआधी जंगलाच्या बाहेर. रात्रीची सायकल अभयारण्याच्या रस्त्यावर नाही, मग ती दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरी करायची लांब पल्ल्याची मोहीम का असेना. एका वेळी पाच-सहा जण, शंभरांचा मेळावा नाही. घंटी सक्तीची. पाड्यावर फोटो विचारून. पक्षी दिसला ते ठिकाण नकाशावर नाही. या सगळ्या अटी मी लिहून घेतल्या आणि मला त्या योग्य वाटतात. एकच अट अडली.

मामा : होळीपासून पाऊस पडेपर्यंत पालचा रस्ता बंद म्हण.

मी : का? पळस तेव्हाच फुलतो. अंजनाला तांबूस पालवी तेव्हाच येते. पावऱ्यांचा भोंगऱ्या बाजारही होळीच्याच दिवसांत.

मामा : मोह तेव्हाच पडतो. पहाटे फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. एक ठिणगी बाजूला गेली की वणवा. जाळरेषा काढलेल्या असतात, पण वारा असला तर त्या पुरत नाहीत. त्या दिवसांत आमचा एकेक माणूस वणव्यामागे धावत असतो. त्यात तुम्ही वाटेत. कुणी बिडी फेकली तर अजूनच.

मी : आणि मला वाटतं की त्याच दिवसांत रस्त्यावर जास्त डोळे हवेत. धूर दिसल्या दिसल्या कळवायला. वनखात्याचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आहे. सायकलवाला सकाळी सहाला घाटमाथ्यावर असतो. त्याला खालच्या दरीतला धूर तुमच्या नाक्याआधी दिसेल.

मामा : दिसेल. पण दरीत फोनला रेंज मिळेल का?

मी : वर मिळते. खाली उतरलं की जाते.

मामा : मग खाली उतरेपर्यंत ठीक, पुढे तू आणि वणवा.

होळी ते पाऊस या दिवसांचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. नकाशावर बाकीचे महिने भरून झाले आहेत: पाटणादेवी श्रावणात, लळिंग बारा महिने, बारीपाडा गावाला आधी विचारून, पाल जुलै ते फेब्रुवारी. पालचे मधले महिने कोरे आहेत. पालला जाऊन ग्रामपंचायतीत आणि मोह वेचणाऱ्या बायांना विचारायचं मामांनी कबूल केलं आहे. ते बसने येणार आहेत, मी सायकलने.